घरचा नॅस परगावाहून वापरायचा, पण इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही

गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकटातली अमर्याद साठवण बंद केली. त्यानंतर चढवलेला प्रत्येक फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजला जाऊ लागला आणि लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे वाढदिवस, स्कॅन करून ठेवलेले आजीआजोबांचे फोटो ठेवायचे कुठे, हा प्रश्न घरोघरी आला. काहींनी दरमहा पैसे भरायला सुरुवात केली. काहींनी एकदाच खर्च करून दोन हार्ड डिस्कचा डबा घरी आणला. या डब्याला नॅस म्हणतात. तो खरं तर एक छोटा संगणकच असतो. राउटरला जोडलेला, चोवीस तास चालू, आणि घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना एकाच जागी फाइली ठेवू देणारा. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानच्या कंपन्यांचे नॅस आपल्याकडे बरेच दिसतात.

घरच्या वायफायवर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, मुलगा दुबईला नोकरीला लागला किंवा आपणच चार दिवस गावी गेलो की नॅस सापडेनासा होतो. मग शोधाशोध केली की एक सल्ला हमखास मिळतो, ‘राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा,’ म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरने थेट नॅसपर्यंत सोडावं असं ठरवून द्या. ते करायला सोपं आहे आणि लगेच चालतंही. पण घरच्या नॅसला याहून मोठा धोका दुसरा नाही. तेच काम व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंत काढलेल्या सांकेतिक, खासगी वाटेने, सुरक्षितपणे होतं. ते कसं, आणि त्यासाठी थोडी जास्त खटपट का करावी, हे पाहू.

## आधी, नॅसचं काय होऊ शकतं ते

जानेवारी २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात जगभरच्या क्यूनॅप मालकांनी आपल्या नॅसचं लॉगिन पान उघडलं तेव्हा तिथे भलताच मजकूर होता. तुमच्या फाइली डेडबोल्टने कुलूपबंद केल्या आहेत, त्या परत हव्या असतील तर ०.०३ बिटकॉइन या पत्त्यावर पाठवा. त्या वेळच्या भावाने ही रक्कम हजार डॉलरच्या आसपास जात होती. याच टोळीने क्यूनॅप कंपनीकडेही ५० बिटकॉइन मागितले, सगळ्या ग्राहकांच्या फाइली उघडणारी एकच किल्ली देतो म्हणून. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी टोळीला पैसे पाठवले, किल्ल्या हाती येताच ते व्यवहार मागे घेतले आणि अशा रीतीने १५५ किल्ल्या मिळवल्या. तेवढ्या लोकांची सुटका झाली.

डेडबोल्ट एकटा नव्हता. २०१४ मध्ये सिनोलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सिनॉलॉजीचे नॅस पकडले होते. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरने क्यूनॅपवरच्या फाइली पासवर्ड घातलेल्या सेव्हन-झिप फाइलींत कोंबल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डिस्क लोकांच्या घरी बसल्या जागी पुसल्या गेल्या. तिथे खंडणीही नव्हती. दूरवरून कोणीतरी ‘फॅक्टरी रीसेट’ची आज्ञा सोडली आणि वर्षांचा साठा गेला. कंपनीने त्या उपकरणांचे अपडेट २०१५ मध्येच थांबवले होते.

या घटनांमधल्या त्रुटी वेगवेगळ्या होत्या, पण बळी पडलेल्या डब्यांमध्ये एक गोष्ट समान होती. ते इंटरनेटवरून कोणालाही थेट गाठता येत होते. डेडबोल्टनंतर क्यूनॅपने ग्राहकांना दिलेला पहिला सल्लाही तोच होता, राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा.

## सोसायटीचा पत्ता आणि फ्लॅटचा नंबर

एखादी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्यांना तिचा एकच पत्ता माहीत असतो. आत फ्लॅटना नंबर असतात, पण पाकिटावर नुसतं ‘फ्लॅट नंबर ५’ लिहून ते पोचणार नाही, कारण पाच नंबरचा फ्लॅट प्रत्येक सोसायटीत असतो. घरच्या नेटवर्कचंही असंच आहे. बाहेरच्या जगाला दिसणारा एक पत्ता तुमच्या इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला असतो. तो सार्वजनिक आयपी. आत फोन, टीव्ही, नॅस यांना राउटर स्वतः पत्ते वाटतो, १९२.१६८.१.५ असे. हे खासगी आयपी, आणि ते लाखो घरांत तसेच्या तसे असतात.

गेटवरचा वॉचमन म्हणजे राउटर. आतल्या कोणी काही मागवलं असेल तर त्याची नोंद वॉचमनकडे असते, म्हणून ते पार्सल तो आत सोडतो. न बोलावता आलेल्याला परत पाठवतो. बाहेरून नॅस दिसत नाही तो यामुळे. ते राउटरचं काम आहे, बिघाड नव्हे.

आता पोर्ट. एका यंत्रावर अनेक सेवा चालतात आणि प्रत्येक सेवेचा एक क्रमांक असतो. सिनॉलॉजीचं लॉगिन पान मुळात ५००० आणि ५००१ या क्रमांकांवर असतं. पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे वॉचमनला कायमची सूचना देणं, ‘५००१ विचारत जो कोणी येईल त्याला काही न विचारता माझ्या फ्लॅटच्या दारापर्यंत सोड.’ मुलीला सोडायचं म्हणून दिलेली ही सूचना रस्त्यावरच्या प्रत्येकाला लागू होते.

बऱ्याच राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते. तिच्यामुळे घरातलं उपकरण तुम्हाला न विचारता वॉचमनला अशी सूचना स्वतःच देऊ शकतं. म्हणजे तुम्ही कधीच पोर्ट उघडला नसला, तरी तो उघडा असू शकतो. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यूपीएनपी बंद करा.

## ‘माझा पत्ता कोणाला माहीत असणार?’

हा प्रश्न स्वाभाविक आहे. आपण कोणी मोठे नाही, आपल्याला कोण शोधणार, असं वाटतं. पण शोधणारे माणसाला शोधत नाहीत. ते सगळेच पत्ते क्रमाने तपासतात. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. ही संख्या आपल्याला प्रचंड वाटते, संगणकाला नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केलं आणि एका सर्व्हरवरून, एका वेगवान जोडणीवर, या सगळ्या पत्त्यांवरचा एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासता येतो हे दाखवून दिलं. शोडन हे संकेतस्थळ तर २००९ पासून इंटरनेटवर उघड्या असलेल्या उपकरणांची यादीच ठेवतं. त्यात नॅसचं नाव टाकून शोध घेता येतो.

दुसरा प्रश्न यापुढचा आहे. पासवर्ड अवघड ठेवला, ओटीपी लावला, तर पुरे नाही का? हे दोन्ही कराच. पण क्यूलॉकर क्यूनॅपच्याच एचबीएस ३ या बॅकअपच्या ॲपमधल्या त्रुटीतून शिरला होता. मालकाचा पासवर्ड त्याला लागलाच नाही. नॅसवर लॉगिन पान, फोटोंचं ॲप, व्हिडिओचं ॲप, बॅकअपचं ॲप असं बरंच काही चालतं. त्यातल्या कोणत्याही एकात फट असली तर पासवर्ड बाजूलाच राहतो.

## जाहिरातीतलं व्हीपीएन वेगळं, हे वेगळं

या विषयातला सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. व्हीपीएन म्हटलं की यूट्यूबवरच्या जाहिराती आठवतात, महिन्याला अमुक रुपये भरा आणि दुसऱ्या देशात असल्यासारखं इंटरनेट वापरा. त्या सेवेत तुमचा फोन त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक सांकेतिक मार्ग बांधतो आणि तिथून पुढे जगात बाहेर पडतो. ती बाहेर जायची वाट आहे. घरी नॅस असलेल्या माणसाला हवी असते परत आत यायची वाट. तंत्र एकच, दिशा उलटी. विकतचं व्हीपीएन घेऊन घरचा नॅस परगावाहून दिसू लागेल, अशी अपेक्षा ठेवून पैसे भरू नका.

नॅसच्या मेन्यूतही हे दोन प्रकार शेजारीशेजारी असतात. एक ‘व्हीपीएन क्लायंट’, म्हणजे नॅसने स्वतः विकतच्या सेवेला जोडून घेणं. दुसरा ‘व्हीपीएन सर्व्हर’, म्हणजे नॅसने तुमच्या फोनला आत घेणं. आपल्याला हवा आहे सर्व्हर.

सोसायटीत हे कसं दिसेल? वॉचमनला दिलेली सूचना आता इतकीच असते, की एका विशिष्ट क्रमांकावर आलेल्याला एका विशिष्ट दाराशी सोड. त्या दारामागे बसलेला माणूस फक्त एकच काम करतो, किल्ली जुळते का ते पाहतो. जुळली की मुलगी आत येते आणि त्यानंतर घरातलीच होते. नॅसचं लॉगिन पान, फोटो, टीव्हीवर लावायचे सिनेमे, सगळं तिला घरच्या वायफायवर असल्यासारखं दिसतं. किल्ली नसलेल्याला यातलं काहीच दिसत नाही.

## कोणतं घ्यायचं

सिनॉलॉजीच्या ‘व्हीपीएन सर्व्हर’ या पॅकेजमध्ये तीन पर्याय येतात: पीपीटीपी, एलटूटीपी आणि ओपनव्हीपीएन. पीपीटीपीला हातही लावू नका. त्याची पासवर्ड पडताळणी २०१२ मध्येच पूर्णपणे फोडून दाखवली गेली आहे. एलटूटीपी तितकं वाईट नाही, पण अँड्रॉइड १२ पासून फोनमधून ही दोन्ही काढून टाकली आहेत, त्यामुळे नव्या अँड्रॉइड फोनवर त्याचा उपयोग नाही. उरलं ओपनव्हीपीएन. २००१ पासून वापरात आहे, सगळीकडे चालतं, विश्वासाचं आहे.

चौथं नाव वायरगार्ड, आणि शक्य असेल तर माझी पसंती त्यालाच. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या ५.६ या आवृत्तीत ते थेट सामील झालं. लिनक्समधला त्याचा मूळ कोड सुमारे चार हजार ओळींचा आहे. एखाद्या जाणकाराने बसून तो पूर्ण वाचून काढावा इतका छोटा. यात पासवर्ड नसतोच. प्रत्येक उपकरण दोन किल्ल्या बनवतं. खासगी किल्ली त्या उपकरणातून कधीच बाहेर पडत नाही, सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. सर्व्हरकडे परवानगी असलेल्या सार्वजनिक किल्ल्यांची यादी असते. यादीबाहेरच्या कोणी दार वाजवलं तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. ‘चुकीची किल्ली’ असंही म्हणत नाही. त्यामुळे पत्ते तपासत फिरणाऱ्यांना तिथे काही आहे हेच कळत नाही.

क्यूनॅपच्या क्यूव्हीपीएन ॲपमध्ये वायरगार्ड आहे. सिनॉलॉजीच्या पॅकेजमध्ये तो पर्याय नाही. पण अनेक नव्या राउटरमध्ये वायरगार्ड सर्व्हरची सोय असते, आणि तशी असेल तर व्हीपीएन नॅसवर न बसवता राउटरवरच बसवा. किल्ली गेटवरच तपासली जाते आणि नॅसपर्यंत कोणी परका पोचतच नाही. राउटर जुना असेल तर एखादा रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, हे काम आरामात करतो.

## बसवायला घेण्याआधी एक तपासणी

राउटरच्या पानावर जाऊन ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, काय दिसतो ते पाहा. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधून बाहेरच्या जगाला कोणता पत्ता दिसतो ते पाहा. दोन्ही एकच असतील तर तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील, आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी सीजीनॅट वापरते आहे. सोसायटीच्याच भाषेत सांगायचं तर कंपनीने अख्ख्या पेठेला मिळून एकच पत्ता दिला आहे आणि चौकात आणखी एक वॉचमन उभा आहे, जो तुमचं ऐकत नाही. तुमच्या गेटवर काहीही सूचना दिल्या तरी पाहुणा चौकातच अडतो.

भारतात घरगुती फायबर जोडण्यांमध्ये हे सर्रास असतं, कारण आयपीव्ही४ पत्ते संपत आले आहेत. लोक रात्र रात्र राउटरशी झगडतात, पोर्ट उघडूनही काही चालत नाही आणि दोष नॅसला देतात. खरं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. कंपनीकडे स्थिर आयपी मागता येतो. काही कंपन्या जादा पैसे घेऊन देतात, काही घरगुती ग्राहकाला देत नाहीत. तो मिळाला नाही तर काय करायचं ते पुढे येतंच आहे.

आणखी एक गोष्ट आत्ताच करून टाका. घरातल्या पत्त्यांची मालिका बदला. जिओच्या फायबर राउटरवर घरचे पत्ते सहसा १९२.१६८.२९ ने सुरू होतात, इतर अनेकांवर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने. तुम्ही सासरी किंवा मित्राकडे गेलात आणि तिथेही तीच मालिका असली, तर तुमचा फोन गोंधळतो. तुम्ही मागता घरचा १९२.१६८.२९.५ आणि फोन शोधतो समोरच्या खोलीतला. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण नॅस उघडत नाही. म्हणून घरची मालिका १९२.१६८.७३ अशी काहीतरी वेगळी ठेवा. आज पाच मिनिटं लागतील. सगळी उपकरणं बसवून झाल्यावर बदलायची म्हटली तर प्रिंटरपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं पुन्हा जोडावं लागतं.

## सार्वजनिक पत्ता असेल तर

सिनॉलॉजी आणि ओपनव्हीपीएन धरून सांगतो. नॅसच्या पॅकेज सेंटरमधून ‘व्हीपीएन सर्व्हर’ घ्या, त्यात ओपनव्हीपीएन सुरू करा आणि क्लायंटना घरच्या नेटवर्कमध्ये पोचू देणारी खूण करा. लगेच ‘प्रिव्हिलेज’ या भागात जा. तिथे नॅसवरच्या सगळ्या वापरकर्त्यांना परवानगी दिलेली आढळेल. ती काढून फक्त गरजेच्या नावांना ठेवा. ॲडमिनला ठेवू नका. घरातल्या प्रत्येकासाठी साधं, वेगळं खातं बनवा आणि पासवर्ड लांब द्या, कारण सिनॉलॉजीवरचं ओपनव्हीपीएन नाव-पासवर्ड विचारून आत घेतं.

तुमचा सार्वजनिक पत्ता अधूनमधून बदलत असेल तर नॅसच्या सेटिंगमधून डीडीएनएस घ्या. हे एक कायमचं नाव असतं आणि पत्ता बदलला की नॅस स्वतःच त्या नावापुढचा पत्ता बदलून ठेवतो. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप दोघंही ते फुकट देतात. मग राउटरवर फक्त एक पोर्ट नॅसकडे वळवा: यूडीपी ११९४ (यूडीपी हा राउटरमध्ये पोर्टसोबत निवडायचा वाहतुकीचा प्रकार). वायरगार्ड असेल तर यूडीपी ५१८२०. बाकीचं सगळं फॉरवर्डिंग काढून टाका. ५०००, ५००१, फाइली वाटण्याचा ४४५, काहीही राहू देऊ नका.

शेवटी ओपनव्हीपीएनच्या पानावरून सेटिंगची फाइल उतरवा, तिच्यात सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी तुमचं डीडीएनएस नाव टाका आणि ती फाइल फोनवरच्या ओपनव्हीपीएन ॲपला द्या. जोडल्यावर नॅस बहुधा १०.८.०.१ या पत्त्यावरही सापडतो. त्या फाइलीत ‘रीडायरेक्ट गेटवे’ची एक ओळ बंद अवस्थेत असते. ती बंदच राहू दिली तर फक्त घरच्या गोष्टी व्हीपीएनमधून जातात, बाकी इंटरनेट नेहमीसारखं चालतं. रोजच्या वापराला तेच बरं. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वायफायवर बसणार असाल तर ती ओळ चालू केलेली दुसरी फाइल फोनमध्ये ठेवा, म्हणजे सगळीच वाहतूक घरच्या मार्गाने जाईल.

## चौकातला वॉचमन ऐकत नसेल तर

सीजीनॅट असलेल्या घरांसाठी टेलस्केलसारख्या सेवा आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेली ही कॅनडातली कंपनी आतून वायरगार्डच वापरते. नॅसवर तिचं पॅकेज बसवायचं, फोनवर ॲप, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करायचं. राउटरला हातच लावायचा नाही. दोन्ही उपकरणं आतून बाहेर बोलावणं पाठवतात आणि टेलस्केलचा सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. वॉचमनच्या दृष्टीने दोघांनीही आपण होऊन काहीतरी मागवलं आहे, म्हणून तो येणारं उत्तर अडवत नाही. एकदा ओळख झाली की फोन आणि नॅस शक्यतो थेट बोलतात. ते जमलं नाही तर मधल्या सर्व्हरवरून बोलतात. अशा वेळी वेग कमी होतो, पण मजकूर सांकेतिकच राहतो.

मग त्या कंपनीवर विश्वास का ठेवायचा? तुमच्या खासगी किल्ल्या तुमच्याच उपकरणांत राहतात, त्यामुळे मधला सर्व्हर फोटो वाचू शकत नाही. पण यादीत कोणती उपकरणं आहेत हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो, आणि तुमचं लॉगिन गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने असतं. ते खातं कोणाच्या हाती लागलं तर घराचीही वाट उघडते. म्हणून त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावणं इथे सक्तीचंच समजा. कंपनी मुळीच नको असेल तर हेडस्केल हा मुक्त पर्याय आहे, पण तो चालवायला स्वतःचा बाहेरचा सर्व्हर लागतो. बहुतेक घरांना मी टेलस्केलच सुचवेन. नीट न जमलेल्या ओपनव्हीपीएनपेक्षा नीट बसलेलं टेलस्केल जास्त सुरक्षित.

फक्त एक खूण विसरू नका. टेलस्केलमध्ये प्रत्येक उपकरणाची किल्ली सहसा १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन करावं लागतं. फोनसाठी ते योग्य आहे. नॅससाठी मात्र टेलस्केलच्या पानावर जाऊन ही मुदत बंद करा. नाहीतर तुम्ही सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेला गेलात की नेमकी तिथे असताना नॅसची वाट बंद होईल आणि घरी लॉगिन करायला कोणी नसेल.

सिनॉलॉजीची क्विककनेक्ट ही सोयही पोर्ट न उघडता चालते, आणि कधीमधी फोटो पाहायला ती सोपी आहे. पण तिथे लॉगिन पान तुमचं क्विककनेक्ट नाव माहीत असलेल्या कोणापुढेही उघडतं. व्हीपीएनमध्ये आधी किल्ली, मग लॉगिन पान. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

## ‘व्हीपीएन सर्व्हरमध्येच त्रुटी निघाली तर?’

निघू शकते. पण चार हजार ओळींच्या, अनोळखी माणसाला उत्तरही न देणाऱ्या वायरगार्डमध्ये ती निघण्याची शक्यता एका बाजूला, आणि डझनभर ॲपं चालवणाऱ्या लॉगिन पानात निघण्याची दुसऱ्या बाजूला. धोका शून्य होत नाही, खूप कमी होतो. म्हणून नॅसचे अपडेट आपोआप होतील असं ठेवा, आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलेला नॅस बाहेरून कोणत्याच मार्गाने वापरू नका.

व्हीपीएन ज्यापासून वाचवत नाही तेही माहीत हवं. तुमच्याच लॅपटॉपमध्ये खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला आणि तो लॅपटॉप व्हीपीएनवर असला, तर तो घरातलाच माणूस म्हणून आत येतो आणि नॅसवरच्या फाइलींना हात लावतो. यावर उपाय स्नॅपशॉट. नॅस ठरावीक वेळाने फाइलींची त्या क्षणाची स्थिती राखून ठेवतो आणि साध्या खात्याला ती पुसता येत नाही. शिवाय एक प्रत घराबाहेर हवीच, मग ती बहिणीकडच्या डिस्कवर का असेना. दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात तो बॅकअप नव्हे. एकीवरची फाइल पुसली की त्याच क्षणी दुसरीवरचीही जाते.

## वेग आणि वीज

बाहेरून नॅस वापरताना तुमच्या घरचा अपलोड हा तुमचा डाउनलोड होतो. फायबरवर अनेक प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात, पण तपासून घ्या. १०० एमबीपीएस अपलोडवर एक जीबीचा व्हिडिओ उतरायला कमीत कमी ८० सेकंद लागतील, २० एमबीपीएसवर जवळजवळ सात मिनिटं. व्हीपीएनमुळे यात थोडी घट होते, वायरगार्डमध्ये सगळ्यात कमी. अगदी स्वस्त नॅसच्या प्रोसेसरवर ओपनव्हीपीएन मात्र जाणवण्याइतकं मंदावतं.

वीज हा आपल्याकडचा खरा प्रश्न. नॅसच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची खूण असते, ती करा. नॅस, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही एका यूपीएसवर ठेवा. नॅस चालू आणि राउटर बंद असेल तर व्हीपीएन कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

## हे कायद्यात बसतं का

भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. गोंधळ झाला तो सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे. व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. सर्ट-इनने नंतर दिलेल्या खुलाशात हा नियम सर्वसामान्य इंटरनेट ग्राहकांना अशी सेवा देणाऱ्यांसाठी आहे आणि कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो लागू नाही, असं स्पष्ट केलं. घरच्या चार माणसांसाठी चालवलेला सर्व्हर ही जनतेला दिलेली सेवा नव्हे. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र काही जिल्ह्यांत वेळोवेळी प्रशासकीय आदेशाने व्हीपीएनवर बंदी आली आहे. तिथे प्रवास करणार असाल तर आधी चौकशी करा.

आखाती देशांत राहणाऱ्यांनी आणखी जपायला हवं. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएनच्या आडून गुन्हा करणं किंवा तो लपवणं यासाठी ५ लाख ते २० लाख दिरहम इतका दंड आहे. घरचे फोटो पाहणं हा गुन्हा नव्हे. पण तिथे बंद असलेले इंटरनेट कॉल किंवा संकेतस्थळं घरच्या मार्गाने उघडायला जाऊ नका. मुलाच्या फोनमध्ये फक्त घरच्या नॅसपुरतं चालणारं सेटिंग द्या, सगळी वाहतूक वळवणारं नको.

## बसवून झाल्यावर

फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या आणि व्हीपीएन न जोडता नॅस उघडायचा प्रयत्न करा. उघडता कामा नये. सार्वजनिक पत्ता, डीडीएनएस नाव, पुढे ५००० आणि ५००१, सगळं घालून पाहा. काही उघडलं तर कुठेतरी जुनं फॉरवर्डिंग राहिलं आहे किंवा यूपीएनपी अजून चालू आहे. मग व्हीपीएन जोडा आणि तोच पत्ता नाही, तर नॅसचा घरातला पत्ता टाका. आता उघडायला हवा.

प्रत्येक फोनला, प्रत्येक लॅपटॉपला वेगळी किल्ली किंवा वेगळं खातं द्या आणि त्याला ओळखू येईल असं नाव ठेवा: ‘आईचा फोन’, ‘ऑफिसचा लॅपटॉप’. एकच सेटिंग सगळ्यांना वाटलं तर रिक्षात राहिलेल्या एका फोनपायी सगळ्यांच्या किल्ल्या बदलाव्या लागतात. वेगळी नावं असली की यादीतून तेवढी एक ओळ काढली आणि काम झालं.